कच्चं दूध? छे, कधीच नाही

आमच्या लॅबमधल्या टेक्निशियन मुलीला दिवस गेल्याचं कळलं, त्याच दुपारी मी यादी केली. तिने काय काय करायचं नाही, याची. थुंकीच्या डब्या उघडायच्या नाहीत. जड ट्रे उचलायचा नाही. रक्त काढायला सुई हातात घ्यायची नाही. अशी बरीच. ठळक अक्षरांत छापून मी ती तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "मॅडम, मग मी येतो तरी कशाला? पगार घरीच पाठवा की."

कोल्हापूरच्या बायका बोलतात तसंच ती 'मी येतो, मी जातो' बोलते. मी शिकायला पुण्याला गेले तेव्हा ही सवय मोडून आले. रागावले की मात्र अजून तोंडातून 'मी सांगतो तुला' असंच निघतं.

थट्टा केली तरी ती यादी कशासाठी आहे, हे आम्हां दोघींना माहीत होतं. तिचं आधीचं बाळ अर्ध्यावरच गेलं होतं आणि त्यानंतर बरीच वर्षं काही नव्हतं. आता हे बाळ धडपणे जगात यावं, एवढी एकच गोष्ट त्या वर्षी आमच्या लॅबमध्ये खरी महत्त्वाची होती. बाकी जंतू वगैरे नेहमीचंच.

मी डॉक्टर आहे, पण माणसं तपासणारी नव्हे. माणसांच्या अंगातले जंतू ओळखणारी. त्यातही गाई-म्हशींकडून माणसाला होणारे जंतुसंसर्ग हा माझा आवडता विषय. आवडता म्हणायला तसं विचित्रच वाटतं, पण ज्या जिल्ह्यात सकाळची सुरुवात आणि संध्याकाळचा शेवट दुधाच्या कॅनच्या आवाजाने होतो, तिथे हा विषय आवडून घेतलेला बरा. माझा खास जंतू म्हणजे ब्रुसेला. म्हशीला झाला की ती गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. माणसाला झाला की चढउतार करणारा ताप, घाम, कंबरदुखी, चिडचिड. आणि यातलं काहीच असं नाही की जे दुसऱ्या दहा आजारांत होत नाही. त्यामुळे माणसं महिनोन्‌महिने कधी टायफॉइडच्या, कधी कंबरेच्या, कधी मनाच्या गोळ्या खात फिरतात. वेळेत ओळखला तर गोळ्यांनी बरा होतो. पण वेळेत ओळखायला आधी कुणाला तरी त्याची आठवण यावी लागते, आणि त्यासाठी रुग्णाला नेमके प्रश्न विचारावे लागतात.

तेव्हा मी प्रश्नांचीही यादी केली. रक्त द्यायला येणाऱ्या प्रत्येक तापाच्या रुग्णाला विचारायची.

पहिल्या यादीत पहिला प्रश्न होता : घरी पाळीव प्राणी आहेत का? पहिल्याच गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, "न्हाय बा. कुत्रं होतं, मेलं." मी 'नाही'वर खूण केली. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या कारभारणीने मग बाहेर पडता पडता विचारलं, रिपोर्ट सकाळी मिळेल का, कारण संध्याकाळी धारा काढायच्या असतात, चार म्हशी आहेत. म्हैस म्हणजे पाळीव प्राणी नव्हे, हे मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. आणि जन्माने मी कुरुंदवाडजवळच्या गावची, तेव्हा शिकवायची गरजही नव्हती.

दुसऱ्या यादीत मी शब्द बदलला. जनावरांशी संबंध येतो का? एका म्हातारबांनी दचकून पाय वर घेतला. "न्हाय हो! पावसाळ्यात एकदा न्हाणीत निघालतं, पण हात न्हाय लावला. सर्पमित्राला बोलावलं." आमच्याकडे सापाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून त्याला जनावर म्हणतात. हेही मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी ती यादी फाडली.

तिसऱ्या यादीपासून गाडी रुळावर आली : गोठ्यात काय काय आहे? यावर लोक उत्साहाने, वंशावळीसकट, उत्तर देतात. पुढचा प्रश्न मात्र नडला. कच्चं दूध पिता का? तालमीतल्या एका भरदार पैलवानाने माझ्याकडे कीव करत पाहिलं. "कच्चं कोण पितंय मॅडम? धारेचं पितो." मग 'न उकळलेलं' असा शब्द घातला. असं करत करत ती यादी इतकी पक्की झाली की मी तिच्या प्रती काढून ओळखीच्या डॉक्टरांना वाटल्या. दोघा-तिघांनी कौतुकही केलं. त्या कौतुकावर मी बराच काळ तरंगत होते, हे इथेच कबूल केलेलं बरं; कारण पुढे जे घडलं त्यात माझं पडणं जरा उंचावरून झालं.

त्या मोसमात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

पहिली म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, म्हैस व्याली. अक्का गावीच असते. म्हैस व्याली की पहिल्या दिवसाच्या दुधाची, म्हणजे चिकाची, किटली माझ्याकडे येते, ही आमच्यातली पद्धत. किटली रिकामी परत पाठवायची नसते, म्हणून मी तिच्यात साखर घालून देते. त्या चिकाचा मी खरवस केला आणि डबा भरून लॅबमध्ये नेला. खरवस मी फार चांगला करते. हे मीच सांगते, कारण नवरा सांगत नाही. टेक्निशियन मुलीने दोनदा मागून खाल्ला. चांगला वाफवलेला पदार्थ, कुठलाही जंतू त्यात जगत नाही, हे मी तिला वाढतानाच समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, वाढा आधी, भाषण मागनं द्या."

दुसरी गोष्ट म्हणजे गगनबावड्याकडच्या एका दूधवाल्याचं रक्त. आम्ही ते पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबेत ठेवलं होतं, नंतर त्यातला थेंब प्लेटवर पसरला, आणि प्लेटवर बारीक, दवासारखे ठिपके उगवले. तपासलं तर ब्रुसेला. कळल्याबरोबर आम्ही ती प्लेट बंद काचेच्या कपाटात हलवली. पण कळेपर्यंत ती, इतर सगळ्या प्लेटांसारखी, माझ्या टेबलावर उघडली गेली होती. जंतू उगवल्याशिवाय कोणता ते कळत नाही. हा आमच्या धंद्यातला जुनाच पेच. ब्रुसेला हवेतून नाकात जातो. माझ्या टेबलाला लागून टेक्निशियन मुलीचं टेबल आहे. त्या दिवशी ती रजेवर होती की कामावर, हे मी हजेरीत तीनदा पाहिलं. कामावर होती.

तिचं रक्त तपासलं. काही निघालं नाही. काही काळाने पुन्हा तपासायचं ठरलं, कारण हा जंतू आळशी आहे. आज शिरला तर आठवड्यांनी उगवतो. गर्भार बाईला याच्या नेहमीच्या गोळ्या सहज देता येत नाहीत, आणि म्हशीला तो जे करतो ते बाईलाही करू शकतो. हे तिला सांगताना मी फार मोजून शब्द वापरले. तिने ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "तुमचंबी रक्त तपासलं न्हवं?"

"तपासलं. काही नाही," मी म्हणाले. तेही खरंच होतं.

मग बऱ्याच दिवसांनी मला घाम यायला लागला.

याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. मी पन्नाशीच्या आसपासची बाई. झोपेत घाम, सांधे धरणं, कंबर दुखणं, जीव नकोसा होणं, नवऱ्याचा श्वाससुद्धा मोठा वाटणं. पाळी जाण्याच्या वयाची लक्षणं मी स्वतः एका महिला मंडळात सांगितली होती, तीही यादी करून. आता ती यादी मी काढली आणि एकेक खूण करत गेले. सगळी जुळली. सगळी जुळल्याचा मला केवढा आनंद झाला! मी कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, सुती गाऊन आणले, पर्समध्ये मावेल असा बॅटरीचा पंखा घेतला. स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वयाचंच आहे गं." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चिडचिड तर तुझी लग्नापासून आहे." त्याचा मुद्दा मी यादीत घेतला नाही.

संध्याकाळी अंग गरम वाटायचं. त्यालाही इंग्रजीत छान नाव आहे, गरम लहर अशा अर्थाचं, तेव्हा थर्मामीटर लावायचा प्रश्नच नव्हता. ज्या लॅबमध्ये तापाच्या रुग्णांना मी दिवसभर 'ताप मोजलात का?' म्हणून रागावते, त्याच लॅबमध्ये मी छोटा पंखा तोंडाशी धरून बसायचे.

एका संध्याकाळी रिपोर्टवर सही घेताना टेक्निशियन मुलीचा हात माझ्या हाताला लागला. तिने तो उचलला नाही.

"मॅडम, तुमाला ताप हाय."

"ताप नाही. वय आहे."

"आमच्या सासूलाबी वय हाय. ती काय तव्यागत तापत न्हाय." आणि मग, "ती गुलाबी टेस्ट लावून बघा की परत."

मी तिला वयाचा सगळा शरीरशास्त्रीय खुलासा केला. तो संपल्यावर ती म्हणाली, "झालं? आता लावा."

तिचं तोंड बंद व्हावं म्हणून मी लावली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. सुईला तिने हात लावायचा नाही, हा नियम मीच केलेला, म्हणून खालच्या दवाखान्यातल्या नर्सकडून रक्त काढून आणलं. ही चाचणी सोपी असते. पांढऱ्या कार्डावर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी द्रवाचा एक थेंब मिसळायचा आणि कार्ड हलवत राहायचं. नुसतं गुलाबी राहिलं तर सुटलात. नासलेल्या दुधासारखे कण दिसले तर ब्रुसेला. मी कार्ड हलवलं. ते इतकं चटकन नासलं की मी नवी बाटली उघडून पुन्हा हलवलं. तेही नासलं.

काचेपलीकडे ती पोटावर हात ठेवून उभी होती. तिला दिसत होतं. तिने यातली शेकडो कार्डं स्वतः हलवलेली आहेत.

एखाद्या बाईला आपलं वय झालेलं नाही हे कळल्यावर आनंद व्हायला हवा. मला फक्त ती प्लेट आठवत होती. मला तो जंतू त्या प्लेटमधून आला असेल, तर त्याच हवेत टेक्निशियन मुलगीही बसली होती. तिचं रक्त दुसऱ्यांदाही साफ आलं होतं, पण माझंही आधी साफच होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन झाला, तिचं रक्त पुन्हा घेऊन खात्रीसाठी बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवलं. निकाल यायचा होता आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. कामात कुणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात तिने खणातून माझी प्रश्नांची यादी काढली, पेन घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"हां पावणं, गोठ्यात काय काय हाय?"

"चेष्टा नको."

"चेष्टा न्हाय. प्लेटीतनंच आलंय असं कुणी सांगितलं? तुमीच म्हणता न्हवं, सगळ्यांना सगळं विचारायचं. गोठा?"

"फ्लॅटमध्ये राहते मी. गोठा कुठला?"

"गाभडलेल्या म्हशीला, वारेला हात लावला?"

"नाही."

"न उकळलेलं दूध पिता का?"

"छे! कधीच नाही." हे मी जरा दुखावूनच म्हणाले. माझ्याकडे पिशवीचं दूधही दोनदा उकळतं. मोलकरणीने एकदा दूध वर येऊन खाली बसण्याआधी गॅस बंद केला, तर मी तिला जंतूंवर व्याख्यान दिलं होतं. ती पुढच्या महिन्यात काम सोडून गेली.

सगळे प्रश्न संपले. सगळीकडे 'नाही'. तिने पेन ठेवलं. तिचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग, मला वाटतं माझ्यासाठीच, ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. बाळ झाल्यावर तुमचा खरवस खायाचा मला परत. गूळ कसा बेतात पडलाता, तसाच घाला."

"बेतात पडणारच," मी म्हणाले. कौतुक कुठल्याही परिस्थितीत मी सोडत नाही. "तुमच्यासारखा अंदाजपंचे नाही घालत मी. थोडा गूळ घालायचा, ढवळायचं, चमचाभर घेऊन चाखायचं, मग पुन्हा..."

तिने पेन पुन्हा उचललं. "कधी चाखता?"

"कधी म्हणजे?"

"वाफवायच्या आधी?"

"वाफवल्यावर चाखून काय उपयोग? मग गूळ थोडाच घालता येतो!" मी ठणकावून सांगितलं. आणि मग ते मला ऐकू आलं.

एक चमचा नव्हे. गूळ, मग वेलची, मग पुन्हा गूळ. तीन-चार तरी चमचे. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा, न उकळलेला चीक. दूध पिते का? नाही. मी खरोखर खरं उत्तर दिलं होतं. दूध कुठे प्याले होते मी? मी गूळ पाहत होते.

ती हसायला लागली. एका हाताने पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. मी अक्काला फोन लावला.

"अक्का, बरी आहेस ना?"

"बरी कसली! कंबर धरलीया. झोपेत चोळी भिजतीया घामानं. तुझं दाजी म्हणत्यात, काम नको म्हणून सोंग. आता वय झालं गं."

"खरवस करताना चव घेतली होतीस?"

"न घेता कसं कळणार गूळ किती? तू घेत न्हाईस व्हय? आईनंच शिकीवलंय की दोघींना."

"आणि ही म्हैस आधी कधी गाभडली होती?"

अक्काने आवाज खाली आणला, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तूही नाही."

"गेल्या साली. पण बोलू नको हं कुणापाशी. म्हशीला नाव पडतंय."

अक्काने आमच्या लॅबचा उंबरासुद्धा कधी ओलांडलेला नाही. तिचं रक्त मी मागवलं, कार्डावर घेतलं, हलवलं. तिचंही नासलं. अक्काचा हात गोठ्यात सगळीकडेच असतो, तेव्हा तिला नेमकं कुठून मिळालं ते कुणी सांगू नये. मला मात्र तो चमचा सोडून दुसरी वाटच नव्हती; होती ती फक्त माझ्या टेबलावरच्या प्लेटची, आणि तिची शक्यता आता फारच कमी उरली होती.

टेक्निशियन मुलीचा बाहेरचा निकालही साफ आला, तरी प्लेट ती प्लेटच. नुसत्या युक्तिवादाने बाळ सुटत नाही, म्हणून तिचं रक्त ठरल्याप्रमाणे पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. प्रत्येक खेपेला मी कार्ड हलवायचे आणि ती काचेपलीकडे उभी राहायची. प्रत्येक खेपेला गुलाबी ते गुलाबीच. शेवटच्या वेळी ती म्हणाली, "बास की आता, हात दुखंल तुमचा."

मधल्या काळात आम्ही दोघी बहिणी गोळ्या खात होतो. त्यातल्या एका गोळीने लघवी केशरी होते, हे मी अक्काला सांगायला विसरले. म्हणजे यादीत होतं, फोनवर राहून गेलं. तिने सकाळी घाबरून सगळा गाव गोळा केला. जनावरांच्या डॉक्टरांनी म्हैस तपासली, वेगळी बांधायला सांगितली. अक्का अजून माझ्यावर थोडी फुरंगटून आहे, म्हशीला नाव पडलं म्हणून. माझा घाम गेला. कंबर सुटली. चिडचिड राहिली, नवऱ्याने ते लक्षात आणून दिलं.

प्रश्नांच्या यादीत आता एक प्रश्न वाढला आहे : खरवस करताना वाफवायच्या आधी चव पाहता का? त्यावर बायका माझ्याकडे अशा बघतात की जणू मी विचारलं, श्वास घेता का? "व्हय की," म्हणतात. "न्हायतर गूळ कसा कळणार?"

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, चांगली वजनदार. मग टेक्निशियन मुलीच्या सासूबाईंची म्हैस व्याली आणि त्यांनी चिकाची किटली माझ्या घरी पाठवली. म्हैस तपासलेली आहे, असा आवर्जून निरोपही दिला. मी खरवस करायला घेतला. गूळ घातला, ढवळला आणि चमचा हातात घेतला. चमचा अगदी ओठांपर्यंत आपोआप आला होता. मी तो सिंकमध्ये टाकला, साबणाने हात धुतले, वजनकाटा काढला, आणि कुठूनतरी उतरवून घेतलेल्या प्रमाणाने गूळ मोजून घातला. डबा तिच्या घरी पाठवला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, गूळ घालायचा इसरला का काय?"

"घातलाय. ग्रॅमवर मोजून घातलाय."

"मग काटा बिघाडलाय तुमचा. आळणी झालाय पार."

मी तिला समजावून सांगायला सुरुवात केली, की एक चमचा मिश्रण वेगळ्या वाटीत वाफवून मग चाखायचं, ही युक्ती मला डबा गेल्यावर सुचली, पुढच्या वेळी नक्की. तेवढ्यात पलीकडे बाळ रडायला लागलं. बारीक नव्हे, दारातल्या म्हशी बुजाव्यात असं, खणखणीत.

"बघा," ती म्हणाली, "हिलाबी पटलं न्हाय."